सासरची नोंद, माहेरचे बाळंतपण : गरोदर स्त्रिया आणि सिफिलिसचे मोजमाप

साथरोगशास्त्रात, म्हणजे आजार समाजात कोठे, कोणाला आणि किती प्रमाणात होतात याचा हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रात, गरोदर स्त्रियांना वेगळे स्थान आहे, आणि ते त्या आजारी असतात म्हणून नसून त्या मोजता येतात म्हणून आहे. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात निरोगी दिसणाऱ्या किती तरुण माणसांच्या रक्तात सिफिलिसची खूण आहे हे शोधायचे झाले, तर घरोघर जाऊन रक्त मागणे शक्य नसते. परंतु दिवस गेलेली स्त्री स्वतःच उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात येते, हिमोग्लोबिन आणि रक्तगटासाठी हात पुढे करते, आणि त्याच सुईने काढलेल्या रक्तावर व्हीडीआरएल नावाची चाचणीही केली जाते. त्यामुळे तिच्या रक्तातला आकडा हा केवळ तिचा राहत नाही; तो तिच्या नवऱ्याचा, त्याच्या कामाच्या गावाचा आणि एकूण तरुण लोकसंख्येचा अंदाज म्हणून वापरला जातो. हा अंदाज किती भरवशाचा, हा प्रस्तुत प्रकरणाचा एक भाग आहे. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग असा की या आजारात बाळाचे भवितव्य जंतूपेक्षा तारखांवर जास्त ठरते, आणि कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत त्या तारखा कोणत्या गावात पडतात हे पंचांगाइतकेच रूढीवर, ऊसतोडीवर आणि मुंबईच्या गाडीवर अवलंबून असते.

सिफिलिस हा ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्रासारख्या पीळदार, अतिशय बारीक जीवाणूमुळे होतो. बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ साली तो प्रथम पाहिला, आणि त्यानंतर वर्षभरातच वासरमान यांची रक्तचाचणी आली. मराठीत या आजाराला तीन नावे आहेत आणि तिन्ही थोडीफार फसवी आहेत. ‘उपदंश’ हा शब्द सुश्रुतसंहितेत जननेंद्रियावरच्या व्रणांसाठी सरसकट येतो, तो सिफिलिसला नंतर चिकटवला गेला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात ‘फिरंगरोग’ वेगळा नोंदवला, त्याचा संबंध फिरंग्यांच्या संसर्गाशी जोडला आणि त्यावर पाऱ्याची द्रव्ये व चोपचिनी सुचवली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले हे लक्षात घेतले तर या नावामागचा क्रम कळतो. तिसरे नाव ‘गरमी’, आणि ते आजही बोलण्यात आहे, परंतु गावाकडे अंगातली उष्णता, तोंड येणे, लघवीची जळजळ या साऱ्यालाच गरमी म्हणतात, त्यामुळे ‘कधी गरमी झाली होती का’ या प्रश्नाला ‘हो, उन्हाळ्यात होते’ असे निष्पाप उत्तर येऊ शकते. पूर्वेतिहास विचारून हा आजार शोधण्याची पद्धत अपुरी पडते, त्याला इतर कारणांबरोबर भाषेचेही कारण आहे.

मोठे कारण अर्थात आजाराच्या चालीत आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जंतू शिरलेल्या जागी एक कठीण, न दुखणारा व्रण येतो, ज्याला प्राथमिक अवस्था म्हणतात. स्त्रीमध्ये तो योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखावर असला तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि काही आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. पुढे दुय्यम अवस्थेत अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, न खाजणारे पुरळ उठते, तेही जाते. त्यानंतरची सुप्त अवस्था वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यात रक्तचाचणीखेरीज आजाराची कोणतीही खूण नसते. गरोदरपणात सापडणाऱ्या बहुतेक स्त्रिया याच अवस्थेत असतात. त्या स्वतःला रुग्ण समजत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असते.

जंतू वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून, आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो. आईचा संसर्ग जितका ताजा, तितके तिच्या रक्तात फिरणारे जंतू जास्त आणि तितका बाळाला धोका अधिक. प्राथमिक आणि दुय्यम अवस्थेत निम्म्याहून कितीतरी अधिक गर्भांना लागण होते, तर अनेक वर्षांच्या जुन्या सुप्त आजारात हे प्रमाण दहात एकाच्या आसपास उतरते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कासोविट्झ यांनी हेच निरीक्षण निराळ्या शब्दांत मांडले होते: उपचार न झालेल्या स्त्रीचा पहिला गर्भ पडतो, दुसरे मूल मेलेले जन्मते, तिसरे अपुऱ्या दिवसांचे, चौथे आजारी आणि पाचवे कदाचित निरोगी. हा नियम प्रत्येक घरात तंतोतंत लागू होत नाही, परंतु ज्या काळी रक्तचाचणी नव्हती त्या काळी ‘मूल लाभत नाही’ म्हणून नवससायास करणाऱ्या आणि शेवटी एखादे मूल जगले की त्याला दगडू किंवा धोंडू असे मुद्दाम हलके नाव ठेवणाऱ्या घरांपैकी काहींच्या कहाणीमागे हा जंतू असणार, असे मानायला जागा आहे.

उपचार न झाल्यास किती गर्भांचे नुकसान होते, या प्रश्नावर अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार सिफिलिस असलेल्या, पण उपचार न मिळालेल्या मातांच्या सुमारे दोनतृतीयांश गरोदरपणांचा शेवट काही ना काही अनिष्टाने झाला, तर सिफिलिस नसलेल्या मातांमध्ये हेच प्रमाण सातात एकाच्या जवळ होते. यातला सर्वांत मोठा वाटा गर्भ दगावण्याचा आणि मृतजन्माचा, म्हणजे सुमारे एकचतुर्थांश. जगभरात २०१६ साली जन्मजात सिफिलिसच्या ६ लाख ६१ हजार घटना घडल्या असाव्यात आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार उशिराचे गर्भपात व मृतजन्म होते, असा संघटनेचा अंदाज आहे. गरोदर स्त्रियांमधले जागतिक प्रमाण तेव्हा ०.६९ टक्के, म्हणजे हजारात सात होते. भारतातले प्रमाण त्याहून पुष्कळ खाली, अलीकडच्या सर्वेक्षणांत हजारात एक-दोनच्या घरात आले आहे. हे दिलासादायक आहेच, परंतु एखादी गोष्ट दुर्मिळ झाली की ती मोजणे अवघड होते, आणि पुढचे बहुतेक प्रश्न या दुर्मिळतेतूनच निघतात.

चाचणी जवळून पाहिली तर हे लवकर समजेल. व्हीडीआरएल ही अक्षरे एका अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. या चाचणीत जंतू शोधला जातच नाही. ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून घेतलेला रक्तद्रव तंत्रज्ञ काचपट्टीवरच्या खळग्यात घेतो, त्यावर गुराच्या हृदयातून मिळवलेले कार्डिओलिपिन नावाचे स्निग्ध द्रव्य, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचे मिश्रण थेंबभर सोडतो, आणि पट्टी यंत्रावर मिनिटाला १८० फेऱ्यांनी चार मिनिटे फिरवतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण एकजीव, मोकळे तरंगताना दिसले तर निष्कर्ष नकारात्मक. दही फाटल्यासारखे पुंजके दिसले तर सकारात्मक. आरपीआर ही तिची सोपी बहीण, तिच्यात कोळशाची बारीक भुकटी मिसळलेली असल्यामुळे काळे पुंजके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सकारात्मक रक्त दुप्पट-दुप्पट पातळ करून पुन्हा तपासले जाते आणि ज्या पातळीपर्यंत पुंजके दिसतात ती संख्या १:८, १:३२ अशी लिहिली जाते. हाच टायटर, आणि उपचार लागू पडला की तो उतरतो.

पुंजके कशाचे होतात? आजारात शरीराच्या पेशी फुटतात, त्यांच्या स्निग्ध घटकांविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती प्रतिपिंडे वरच्या मिश्रणाला चिकटतात. म्हणजे चाचणी चोराला पकडत नाही, घरातली उलथापालथ पाहते. आणि उलथापालथ इतर कारणांनीही होऊ शकते. हिवताप, क्षय, ल्युपससारखे स्वतःच्याच शरीराविरुद्ध उठणारे आजार, क्वचित गरोदरपण स्वतः, आणि कुष्ठरोगाचा बहुजंतू प्रकार, या सर्वांत व्हीडीआरएल खोटी सकारात्मक येऊ शकते. मिरजेला मिशनच्या काळापासून कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय आहे, त्यामुळे ही शेवटची गोष्ट या भागातल्या जुन्या डॉक्टरांना पुस्तकात वाचण्याआधीच ठाऊक असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून व्हीडीआरएल किंवा आरपीआर सकारात्मक आल्यावर टीपीएचए ही थेट ट्रेपोनेमाविरुद्धची प्रतिपिंडे ओळखणारी दुसरी चाचणी करतात. तिची अडचण उलटी आहे: एकदा सकारात्मक आली की उपचार होऊनही ती बहुधा जन्मभर सकारात्मकच राहते, त्यामुळे आजार आताचा की दहा वर्षांपूर्वी बरा झालेला, हे ती एकटी सांगू शकत नाही.

दुर्मिळतेचे गणित येथे आड येते. समजा दहा हजार गरोदर स्त्रिया तपासल्या, त्यांपैकी हजारी एकप्रमाणे दहाजणींना खरोखर सिफिलिस आहे, आणि पहिली चाचणी निरोगी शंभरांपैकी केवळ एकीला चुकून सकारात्मक ठरवते. नव्याण्णव टक्के अचूक चाचणी म्हटल्यावर कोणालाही ती उत्तम वाटेल. तरीही खऱ्या दहाजणींबरोबर सुमारे शंभर निरोगी स्त्रियांच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उमटेल, म्हणजे त्या शब्दाला घाबरलेल्या अकराजणींपैकी दहाजणी विनाकारण घाबरलेल्या असतील. हाच आजार हजारात पन्नास असता, तर याच चाचणीचा तोच शब्द बहुतेकींच्या बाबतीत खरा ठरला असता. चाचणी तीच, यंत्र तेच, तंत्रज्ञही तोच. बदलते ती फक्त रांगेत कोण उभे आहे ही गोष्ट. पहिल्या कागदावरून सासू-नवऱ्यासमोर काही बोलू नये, हा समुपदेशकांचा नियम केवळ सौजन्याचा नाही, गणिताचाही आहे. मात्र याची दुसरी बाजू अशी की दुसऱ्या चाचणीची वाट पाहण्यात पंधरा दिवस जाणार असतील आणि बाई परत येण्याची खात्री नसेल, तर गरोदरपणात पहिल्या कागदावरच इंजेक्शन देऊन टाकावे, कारण अनावश्यक पेनिसिलिनचे नुकसान थोडे आणि चुकलेल्या पेनिसिलिनचे फार. घाई उपचारात, सबुरी शब्दात, असा हा तोल आहे.

जिल्ह्याचा म्हणून जो आकडा छापला जातो, तो कसा तयार होतो हेही पाहण्यासारखे आहे. भारतात एचआयव्हीचे सेंटिनल सर्वेक्षण, म्हणजे ठरावीक ठिकाणी पहारा ठेवून केलेली गणती, १९९८ पासून राष्ट्रीय पातळीवर चालू झाली. तिच्यात निवडलेल्या प्रत्येक प्रसूतिपूर्व केंद्रावर ठरावीक तीन महिन्यांत ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर स्त्रियांचे नमुने घेतले जातात. नाव-गाव काढून टाकलेले हे रक्त बहुधा व्हीडीआरएलसाठी काढलेल्या नळीतलेच उरलेले असे. म्हणजे जुन्या आजाराच्या नळीवर नव्या आजाराची गणती उभी राहिली. नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे सांगली हा एचआयव्हीच्या दृष्टीने राज्यातल्या चिंतेच्या जिल्ह्यांत मोडत होता, त्यामुळे निधी, समुपदेशक आणि प्रयोगशाळा आल्या त्या एचआयव्हीसाठी. सिफिलिसची तपासणी मात्र त्याच टेबलाच्या कडेला बसलेल्या थोरल्या, दुर्लक्षित जावेसारखी राहिली.

आता ४०० या संख्येकडे पुन्हा पाहावे. प्रमाण हजारी एक असेल, तर ४०० स्त्रियांत सरासरी ०.४ स्त्री सापडणार, म्हणजे तीनांपैकी दोन वेळा त्या केंद्रावर एकही सापडणार नाही. एक सापडली की प्रमाण ०.२५ टक्के, दोन सापडल्या की ०.५० टक्के. एका फेरीत शून्य, पुढच्या फेरीत पाव टक्का, त्यापुढे अर्धा टक्का, अशी आकड्यांची ओळ पाहून ‘आजार दुपटीने वाढला’ असा मथळा सहज बसतो, आणि तो मथळा दोन स्त्रियांवर उभा असतो. राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर असंख्य केंद्रांची बेरीज केली की हा धक्का विरतो. जिल्ह्याच्या पातळीवर तो विरत नाही. म्हणून सातारा मोठा की सांगली मोठी, अशी तुलना या आजारात करू नये.

त्याऐवजी ढोबळ हिशेब अधिक उपयोगी पडतो. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर एका जिल्ह्यात वर्षाला ४० ते ४५ हजार बाळंतपणे होतात, आणि हजारी एकप्रमाणे दरवर्षी चाळीस-पंचेचाळीस गरोदर स्त्रियांना सिफिलिस असणार. आकडा लहान वाटतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने ‘निर्मूलन’ या शब्दासाठी ठेवलेली मर्यादा एक लाख जिवंत जन्मांमागे ५० घटना अशी आहे, म्हणजे अशा जिल्ह्याला वर्षाला बावीस. आणि गणतीच्या व्याख्येनुसार, पुरेसा उपचार न मिळालेल्या आईचे बाळ वरवर धडधाकट असले तरी ते जन्मजात सिफिलिसमध्येच धरले जाते. याचा अर्थ या पंचेचाळीसजणींपैकी निम्म्याहून अधिक जणी वेळेत सापडून त्यांना इंजेक्शन मिळाले नाही, तर आजार इतका विरळ असूनही जिल्हा मर्यादेबाहेर जातो. श्रीलंकेला २०१९ मध्ये एचआयव्ही आणि सिफिलिस या दोहोंच्या आईकडून बाळाकडे होणाऱ्या संक्रमणाच्या निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळाले. भारताने सिफिलिससाठी असे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केले.

पंचेचाळीसजणी शोधायच्या तर रांगेत सगळ्या याव्या लागतात, आणि येथे छेद कोणता, म्हणजे भागायचे कोणत्या संख्येने, हा प्रश्न येतो. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिशन रुग्णालय, १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती वाढलेली खासगी इस्पितळे यांमुळे तेथे सांगलीबरोबर बेळगाव, विजयपूर, बागलकोटकडचे रुग्ण येतात, आणि त्यांतही गुंतागुंतीची बाळंतपणे जास्त. अशा रुग्णालयात शंभर मृतजन्मांच्या आयांमध्ये सिफिलिस किती, हे मोजता येते. सांगली जिल्ह्यात सिफिलिस किती, हे त्यावरून सांगता येत नाही. कऱ्हाडच्या कृष्णा रुग्णालयाबद्दलही हेच लागू पडते, कारण तेथे पाटण खोऱ्यापासून थेट कडेगाव-खानापूरपर्यंतच्या बायका येतात. उलट दिशेची गळतीही आहे. दोन्ही जिल्ह्यांत आता जवळजवळ सर्व बाळंतपणे दवाखान्यात होतात, परंतु त्यांतला मोठा भाग खासगी नर्सिंग होममध्ये होतो; तेथील लॅबच्या छापील अहवालावर व्हीडीआरएल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असते तेव्हा काही बिघडत नाही, पण ‘रिॲक्टिव्ह’ असते तेव्हा तो कागद सरकारी नोंदीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

आता तारखांकडे. बाळाला वाचवायचे तर पेनिसिलिन शक्यतो पहिल्या सहा महिन्यांत आणि कोणत्याही परिस्थितीत बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवे. आरोग्य खाते बारा आठवड्यांच्या आत नोंदणीचा आग्रह धरते. घरातली रूढी मात्र तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर वाच्यता करू नये असे सांगते, कारण कच्च्या दिवसांची दृष्ट लागते. म्हणजे खात्याची मुदत जेथे संपते तेथून घराची मुभा सुरू होते. आशा कार्यकर्त्या हे जाणून असतात, आणि पाळी चुकल्याची कुजबूज विहिरीवर किंवा बचत गटात कानावर आली की बाई नाव नोंदवायला येण्याआधीच त्या घरी जातात. त्यांच्या या कौशल्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही, पण नोंदणीचा आठवडा अलीकडे सरकला आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे.

दुसरी तारीख सातव्या महिन्याची. ओटी भरली, डोहाळजेवण झाले, की पहिलटकरीण माहेरी जाते. सासर माण तालुक्यातल्या दहिवडीकडे आणि माहेर तासगावकडे असेल, तर नोंदणी एका जिल्ह्यात, रक्त तपासले तेथेच, अहवाल तेथल्या आरोग्य केंद्रात, आणि बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर गेले तर ठीक. नाहीतर माहेरच्या दवाखान्यात तिची पुन्हा पहिल्यापासून तपासणी होते, ती तिसाव्या आठवड्यानंतर, आणि सकारात्मक निघाली तर ३० दिवसांची मुदत आधीच धोक्यात असते. शिवाय एकच स्त्री दोन नोंदवहीत दोनदा मोजली जाते किंवा, जे अधिक वाईट, सासरचे केंद्र ‘माहेरी गेली’ आणि माहेरचे केंद्र ‘तपासणी सासरी झाली’ असे लिहून दोघेही तिला आपल्या हिशेबातून वगळतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत गळतीच्या कारणांची लांबलचक चर्चा असते. माहेर हे कारण त्यांत सापडणार नाही.

तिसरी अडचण नवऱ्याची. बायकोला इंजेक्शन दिले आणि नवऱ्याला दिले नाही, तर तो आल्यावर संसर्ग पुन्हा होतो, कारण सिफिलिस एकदा होऊन गेल्याने कायमचे संरक्षण मिळत नाही. आणि येथे नवरा अनेकदा बाहेरगावी असतो: पाटण, जावळीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, पूर्वी गिरण्यांत आणि गिरण्या गेल्यावर माथाडीत, खानापूर, आटपाडी, खटावकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी केरळपासून बंगालपर्यंत देशभर, महामार्गावरचे ट्रकचालक, आणि उलट बाजूने, गाळपाच्या हंगामात बीड-जालन्याकडून वाळवा, कऱ्हाड, फलटणच्या फडांत उतरणारी ऊसतोड जोडपी. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. त्यातली बायको गरोदर असली तरी उचल फिटेपर्यंत कोयता मोडत नाही, आणि तिचे कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असते. यांपैकी कोणत्याही गटात आजार अधिक आहे असे येथे म्हणायचे नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा तपासणीचा दिवस असतो त्या दिवशी नवरा कोठे असतो, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘गावात नाही’ असे असते.

विवाहित स्त्रीला हा आजार बहुतेक वेळा तिच्या लग्नातूनच मिळतो, हे साथरोगशास्त्रातले एक कडवट सत्य आहे. तिच्या स्वतःच्या वागण्यात शोधण्यासारखे काही नसते. तरीही शतकभर बोट रोखले गेले ते वेश्यावस्तीकडे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून १९२७ पासून गुप्तरोगांविषयी उघड लिहू लागले तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, यावरून या विषयाभोवतीचे मौन किती जाड होते हे दिसते. सांगलीने या बाबतीत एक वेगळी वाट पाडली. १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेच्या प्रयत्नांतून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही स्वतःची संघटना १९९६ मध्ये उभी केली, आणि निरोध वाटण्याचे व आजारांची माहिती देण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी त्या वस्त्यांतल्या स्त्रियांनीच हाती घेतले. ज्या गटाला आजाराचे उगमस्थान म्हटले जाई, तोच गट तपासणीला नियमित येऊ लागला. गावातल्या पुरुषाबद्दल असे म्हणता येत नाही.

उपचाराची गोष्ट लहान आहे, पण तिच्यातच सगळे अडते. जॉन महोनी यांनी १९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दाखवले, आणि तेव्हापासून आजवर जंतूने त्याला दाद न देण्याची कला साधलेली नाही, जी इतर अनेक जंतूंनी केव्हाच साधली. गरोदरपणात बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट हाच खात्रीचा उपचार. ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनवर बाळाच्या बाबतीत विसंबता येत नाही. औषध पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते, त्यात पाणी घालून कुपी हलवली की दाट, दुधासारखे द्रावण होते, ते बारीक सुईत अडकते, म्हणून जाड सुई घ्यावी लागते आणि दोन्ही ढुंगणांत अर्धे-अर्धे, खोलवर आणि सावकाश द्यावे लागते. ते दुखते. आजार जुना किंवा कालावधी अज्ञात असेल, तर आठवड्याच्या अंतराने असे तीनदा. पहिल्या दिवशी कधी ताप भरतो, पोटात कळा येतात. मरणाऱ्या जंतूंमुळे उठणारी ही प्रतिक्रिया असते, औषधाची ॲलर्जी नव्हे. पण पेनिसिलिनच्या ॲलर्जीने रुग्ण दगावल्याची एखादी कहाणी प्रत्येक तालुक्यात फिरत असते, आणि कित्येक डॉक्टर हे इंजेक्शन आपल्या दवाखान्यात न देता ‘सिव्हिलला जा’ असे सांगतात. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या सिव्हिलला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी, बसभाडे आणि ‘कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर. पिंपरीला १९५५ मध्येच पेनिसिलिन बनवू लागलेल्या महाराष्ट्रात ही अडचण औषधाच्या शोधाची नक्कीच नाही. स्वस्त, जुने आणि नफा न देणारे असल्यामुळे त्याचे उत्पादक जगात थोडे उरले, आणि २०१४ ते २०१६ या काळात अनेक देशांत त्याचा तुटवडा झाला, हे मात्र खरे.

श्रीमंती हे यावरचे उत्तर नव्हे, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथे २०१२ साली जन्मजात सिफिलिसच्या साडेतीनशेहून कमी घटना नोंदल्या गेल्या होत्या. २०२२ मध्ये त्या ३७०० च्या वर गेल्या, आणि त्यांपैकी दहात जवळजवळ नऊ वेळेवर तपासणी व उपचाराने टळल्या असत्या असे तेथील रोगनियंत्रण केंद्रानेच म्हटले.

बाळ जन्मल्यावर हिशेब संपत नाही. लागण झालेली बहुतेक बाळे जन्मतः साधारण दिसतात. काही आठवड्यांनी नाक सतत, कधी रक्ताळलेले, गळू लागते, तळपायांची साल निघते, यकृत-प्लीहा वाढतात, हाडे दुखत असल्यामुळे मूल एखादा हात हलवीनासे होते आणि घरचे ‘हात लचकला’ म्हणून शेकतात. बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडे आईकडून आलेली असू शकतात, म्हणून पहिली चाचणी सकारात्मक असूनही बाळ निरोगी असू शकते. त्याचा टायटर आईच्या चौपट असेल तर लागण झाली असे धरतात. नसेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून तो उतरतो की नाही ते पाहायचे असते, आणि उसनी प्रतिपिंडे असतील तर सहाव्या महिन्यापर्यंत ती नाहीशी व्हायला हवीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना बाळ केंद्रात येतेच, त्यामुळे सुरुवातीच्या तपासण्या त्या दिवसांना जोडता येतात. मात्र साडेतीन महिन्यांच्या सुमारास मायलेकरे माहेराहून सासरी परततात, आणि त्यानंतरची लस थेट नवव्या महिन्यात. मधल्या सहाव्या महिन्यात, जेव्हा ही तपासणी निर्णायक असते, आशा ठरल्याप्रमाणे घरी येते, बाळाचे वजन करते, वरचे अन्न सुरू केले का ते विचारते आणि कार्डावर सही करते. रक्त काढण्याची सुई तिच्या पिशवीत नसते.